तळ्याची चेपलेली वाटी

एका राज्यात तळे भांडी उसनी देई. आज हे कुणाला खरे वाटत नाही. न वाटो. तळे होते आणि ते देत होते.

रीत अशी होती. ज्याच्या घरी लग्न, त्या घरच्या कर्त्याने आदल्या संध्याकाळी तळ्यावर जावे, काठावर हळदकुंकू वाहावे, किती पाने उठणार ते सांगावे आणि मागे न बघता घरी यावे. सकाळी काठावर भांडी मांडलेली असत. हंडे, पराती, पळ्या, ताटे, वाट्या. सगळी वापरून गुळगुळीत झालेली. कार्य उरकले की राखेने घासून ती परत न्यावीत आणि प्रत्येकात घरच्या अन्नाचा एक घास ठेवावा. शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करीत नाही, मग तळ्याची कोण करील?

त्या राज्याचा राजा वज्रबाहू. त्याच्या मुलीचे, हेमप्रभेचे, लग्न झाले. हजार पाने उठली. तळ्याने भांडी दिली, राजाने ती परत केली. हजाराला हजार. घासही ठेवले.

लग्नाला पंधरवडा झाला. हेमप्रभा माहेरी आली होती. सकाळी ती दासीला हाक मारायला गेली, तेव्हा तिचा आवाज रिकाम्या हंड्यातून यावा तसा आला. दासी हसली. मग हेमप्रभेचा हात खांबावर आपटला आणि ठण्ण असा नाद उठला. दासीचे हसू गेले.

पुढे तेच इतरांना होऊ लागले. स्वयंपाकी, वाढपी, पंगतीला बसलेले पाहुणे. आधी आवाज घुमे. मग तहानभूक जाई. मग माणूस तळ्याकडे तोंड करून उभे राही आणि कुणी ढकलले तरी हलत नसे. तळ्याकाठी एक टिटवी होती. संध्याकाळी ती एखादे नाव घेई. जिचे नाव घेतले ती असामी तिसऱ्या संध्याकाळी चालत जाऊन पाण्यात शिरे, आणि दुसऱ्या सकाळी काठावर एक नवे भांडे पालथे पडलेले असे. पहिला गेला तो राजाचा कोठीवाला. तो पोटाने मोठा होता. त्याचा हंडा झाला. उंच वाढप्याची पळी झाली. एका बाईची परात झाली, आणि तिच्या कपाळावरचे गोंदण परातीच्या बुडावर तसेच होते.

ती भांडी कुणी उचलली नाहीत. वारा सुटला की त्यांतून गुणगुण निघे. घरचे लोक दूर उभे राहून ऐकत आणि परत जात.

राजा आणि त्याचा मांत्रिक कपिलाक्ष या दोघांवर राज्याची भिस्त होती. कपिलाक्षाची विद्या महाग. त्याने मोत्यांचे भस्म मागितले, राजाने दिले. कस्तुरी आणि वाघाचे दूध मागितले, तेही दिले. सात देवळांचे कळस मागितले. कळस उतरवले. त्याने सगळे तळ्यात टाकले. सकाळी कळस, कस्तुरी आणि भस्माचा चिखल काठावर पडलेला होता. तळ्याने काही ठेवून घेतले नाही.

गावाच्या टोकाला कोंडाबाई राहात होती. तिलाही विद्या येत होती, पण ती घरातल्या वस्तूंची. मीठ, मोहरी, चुलीतली राख, जुन्या लुगड्याचा धागा. तिच्याकडे तीन मुख्य वस्तू होत्या. एक चाळण, आजीपासून चालत आलेली. एक केरसुणी, वीस वर्षे एकच अंगण झाडून बोटभर उरलेली. आणि मीठ मापायची एक तांब्याची वाटी, काठाला चेपलेली. ही वाटी महिन्यापूर्वीच आली होती. पण तेव्हापासून तिने मोजलेले मीठ चुलीत टाकले की असे तडतडे की तीन गल्ल्यांपलीकडचे तापकरी उठून बसत. कोंडाबाईला वाटे, वय झाले तशी आपली विद्या पिकली.

ती म्हणे, विकत आणलेल्या वस्तूला काही ठाऊक नसते. हात लागून जी झिजली तिच्यातच जोर असतो. लोक मूठभर दाणे देत. कपिलाक्ष तिला केरसुणीवाली म्हणे. लग्नाच्या मांडवात तिला बोलावणे नव्हते. मात्र तिची मुलगी राही भांडी घासायला गेली होती, आणि घासणाऱ्या बायकांना शेवटच्या पंगतीत जेवण मिळाले होते.

एका सकाळी राही म्हणाली, "आई, माझ्या पोटात वारा फिरतो."

आवाज घुमला. कोंडाबाई चुलीपुढून उठली नाही. "फिरू दे. भात खा."

"भूक नाही. भूक कशी असते तेही आठवत नाही."

कोंडाबाईने पळी घेतली आणि मुलीच्या खांद्याला हळूच लावली. पळीतून नाद निघाला नाही. राहीतून निघाला.

त्या संध्याकाळी टिटवीने दोन नावे घेतली. हेमप्रभा आणि राही.

सकाळ होताच कोंडाबाई दरबारात गेली. तिने सांगितले की मुलगी जायला दोन दिवस आहेत, तळ्याकडे जाण्याची परवानगी हवी. काठावर राजाचा पहारा होता.

राजाने विचारले, "सामान काय लागेल?"

"काही नाही. घरून आणले आहे."

कपिलाक्ष चाळणीकडे बघून हसला. तो म्हणाला की आता पीठही दरबारातून द्यावे, म्हणजे बाई भाकरी करून तळ्याला वाढतील. दरबार हसला, पण निम्म्या लोकांचे हसणे घुमले, आणि मग कुणीच हसले नाही.

कोंडाबाई तळ्यावर आली. भांडी ओळीने पालथी होती. टिटवी त्यांच्यामध्ये एका पायावर उभी होती.

"तू नावे का घेतेस?" कोंडाबाईने विचारले.

"मी घेत नाही. माझ्या चोचीतून निघतात. या भांड्यांच्या गुणगुणीने माझी अंडी उबत नाहीत. तुझ्याच्याने काही होत असेल तर कर. नसेल तर बाजूला हो, ऊन अडते."

वारा सुटला. गुणगुण सुरू झाली. कोंडाबाईने चाळण दोन्ही हातांनी वाऱ्यात धरली आणि पीठ चाळावे तशी हलवली. वारा जाळीतून खाली गेला. आवाज वर राहिला. त्यात कोठीवाल्याचे कण्हणे होते, वाढप्याचा खोकला होता, गोंदणवाल्या बाईने आपल्या मुलांना मारलेल्या हाका होत्या. कोंडाबाईने तेही चाळून खाली सोडले. तिला त्या हाका सोडवेनात, पण तिने सोडल्या. शेवटी जाळीवर एकच आवाज उरला. तो माणसाचा नव्हता.

तो म्हणत होता, एक उणे आहे.

एवढे ऐकू आले आणि चाळणीची जाळी मधोमध फाटली.

कोंडाबाईने दरबारात जाऊन तसेच सांगितले. कपिलाक्ष म्हणाला की मोजून दिलेल्याला उणे म्हणणारे तळे खोटारडे आहे. राजा म्हणाला, "हजाराला हजार दिली." मग तो बोटातली अंगठी फिरवीत बसला. कोंडाबाईने ती अंगठी फिरताना पाहिली. राजाला राजाच्या दरबारात प्रश्न विचारायचा नसतो, म्हणून ती परत आली.

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी तळ्यावर गेली. त्या वेळी काठावर पहारेकरीसुद्धा थांबत नसत. पाणी हलत नव्हते. सावल्या पायाखाली गेल्या होत्या. कोंडाबाईने कनवटीला मीठमोहऱ्या भरलेली वाटी खोचली, केरसुणीला नमस्कार केला आणि पाण्यावर टेकवली.

तिने अंगण झाडावे तसे पाणी झाडले. पाणी दोन्हीकडे सरकले. मध्ये ओली वाट झाली. ती एक पाऊल टाकी, एकदा झाडी. दोन्ही बाजूंना पाणी भिंतीसारखे उभे होते, आणि त्या भिंतींत भांडी रचलेली होती, हजारो, सगळ्यांची तोंडे वाटेकडे. त्यांच्यापुढून जाताना तिला आपल्या श्वासाचा आवाज हजार ठिकाणांहून ऐकू आला.

तळाशी एक बाई पाठमोरी बसली होती. कोपरापर्यंत राख. ती एक परात घासत होती. ती तळ्याची धनीण.

"कोण?" तिने न वळता विचारले.

"कोंडाबाई. लेकीसाठी आले."

"लेक माझ्या भांड्यात जेवली?"

"जेवली."

"मग ती भांड्यातच जमा. माझी एक वाटी उणी आहे. मी भरून काढते आहे. पण तुमची माणसे नीट वठत नाहीत. कुणाचा हंडा होतो, कुणाची पळी. माझी वाटी अजून एकाचीही झाली नाही."

कोंडाबाईने विचार केला की तळ्याला कुणाची तरी दृष्ट लागली आहे. दृष्ट तिला काढता येत होती. तिने वाटी हातात घेतली, धनिणीच्या पाठीमागे उभी राहिली आणि मीठमोहऱ्या ओवाळू लागली. तीनदा ओवाळायचे होते. एकदा ओवाळून झाले आणि घासणारा हात थांबला.

"माझ्याच वाटीने माझी दृष्ट काढतेस, बाई?"

धनिणीने मान वळवली. तोंडाच्या जागी घासलेल्या तांब्याचा तळ होता. त्यात कोंडाबाईला स्वतःचे तोंड दिसले, आणि आपण किती म्हातारे झालो आहोत तेही दिसले.

कोंडाबाईने जन्मात दुसऱ्याची काडी उचलली नव्हती. तिने वाटी खाली घेतली. ती म्हणाली, "चोरली नाही. लेकीला राजाच्या उकिरड्यावर मिळाली. टाकलेल्या वस्तूत जोर असतो असे मीच तिला शिकवले."

धनिणीने राखेतून एक सोन्याची वाटी काढली. "हिच्या जागी ही आली. हिला अजून कुणाचे ओठ लागलेले नाहीत. त्या वाटीत तीनशे लग्ने जेवली आहेत, आणि तिला ती चेप एका मुलाने दिली, गोड संपले म्हणून आपटली होती. या सोन्याचे मी काय करू?"

"मग ही घ्या. लेक सोडा."

"अशी घेत नाही. ज्याने बदलली त्याने घासावी. त्याच्याच हातचा शिजवलेला घास तिच्यात असावा. उद्या दिवस मावळेपर्यंत."

कोंडाबाई झाडत वर आली. काठावर तिने पाय ठेवला तेव्हा केरसुणीची शेवटची काडी गळाली आणि मागे पाणी मिटले. हातात नुसता बंध उरला.

ती तशीच दरबारात गेली. वाटी तिने सगळ्यांसमोर ठेवली. ही वाटी महिनाभर आपल्या घरात होती, हे तिने आधी सांगितले. नंतर म्हणाली, "माझ्या मिठाला जोर आला तो हिचा होता. मला वाटले माझा." मग धनिणीचा निरोप सांगितला.

कपिलाक्ष उठला. चोर आपल्या पायांनी आली, तिचे हात तोडावेत, असे तो म्हणू लागला. पण अर्ध्यावरच त्याचा आवाज घुमला. त्याने स्वतःच्या छातीवर चापट मारून पाहिली. नाद आला. तो खाली बसला आणि पुन्हा बोलला नाही.

राजाने वाटीकडे पाहिले. मग म्हणाला, "वाटी मी बदलली. चेपलेली वस्तू परत केली असती तर लोक म्हणाले असते, राजाने चेपवली. म्हणून सोन्याची ठेवली आणि ही कोठीवाल्याकडून उकिरड्यावर टाकवली. चांगले ठेवून घेऊन वाईट दिले असते तर ती चोरी. मी वाईट घेऊन चांगले दिले. यात माझे चुकले काय?"

"मला न्याय ठाऊक नाही, महाराज. वाटी घासायची आहे, एवढे ठाऊक आहे."

"मी राजा आहे. भांडी घासत नाही."

"मग राजकन्येचा दोर घट्ट बांधा," कोंडाबाई म्हणाली, आणि वाटी उचलून निघाली. हेमप्रभा चालू लागू नये म्हणून राजाने तिला रेशमी दोराने महालाच्या खांबाला बांधले होते. हे सगळ्या राज्याला ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी कोंडाबाईने दार लावून घेतले आणि राहीचा हात धरून बसली. हात तांब्यासारखा गार होता. दिवस कलला. राही उठली. कोंडाबाईने दारात आडवे झोपून पाहिले. राही तिच्यावरून गेली. वजन लागले नाही.

तिकडे महालात हेमप्रभाही उठली. दोर तुटला नाही. खांब उपटून आला. ती खांब ओढीत चालली, आणि तिच्या मागून राजा धावला. पायात जोडा नव्हता.

काठावर दोन्ही मुली शेजारी शेजारी पाण्यात उतरल्या. कोंडाबाईने तेथे आधीच तीन दगड मांडून ठेवले होते. एक मडके, राख, नारळाची शेंडी आणि वाटी. राजा येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हते. तिने मांडून ठेवले होते.

राजाने एकदा मुलीकडे पाहिले, एकदा वाटीकडे. मग अंगठ्या काढल्या आणि खाली बसला. त्याने शेंडी राखेत बुडवली आणि वाटी बाहेरून घासायला लागला.

"आधी आतून," कोंडाबाई म्हणाली. ती पाण्यात गुडघाभर उभी होती. तिने राहीचा हात धरला होता, पण ओढत नव्हती. ओढून उपयोग नव्हता.

राजा आतून घासू लागला. त्याच्या बोटांची सालपटे निघाली. तांबे लाल झाले. चेप तशीच राहिली. त्याने अंगठ्याने ती दाबून सरळ करायला घेतली.

"ती राहू द्या. तिची ओळख आहे ती."

पाणी मुलींच्या कमरेला आले. राजाने चूल पेटवली. त्याला ती पेटवता येत नव्हती, तीनदा विझली. शेल्यात बांधून आणलेले तांदूळ त्याने मडक्यात टाकले. तो न विचारता पाणी घालीत होता आणि मग विचारीत होता की पुरे का. कोंडाबाईने मिठाची पुडी काठावर ठेवली. घरातले शेवटचे मीठ होते ते. राजाने सगळे घातले. भात खाली लागला, वरचा कच्चा राहिला.

पाणी मुलींच्या गळ्याशी आले. टिटवीने नवी नावे घ्यायला चोच उघडली.

राजाने करपल्या भातातला एक घास वाटीत ठेवला, दोन्ही हातांनी वाटी पाण्याच्या कडेला टेकवली आणि तेथेच डोके टेकले.

पाण्यातून राखेने माखलेला हात आला. त्याने वाटी घेतली, चेपेवरून अंगठा फिरवला आणि आत गेला.

टिटवीने चोच मिटली.

राही म्हणाली, "आई, पाणी गार आहे." आवाज घुमला नाही. हेमप्रभा रडू लागली, कारण कमरेला अजून खांब बांधलेला होता आणि तो आता जड लागत होता. राजाने आणि कोंडाबाईने मिळून तो सोडवला. काठावरची भांडी एकेक करून उताणी झाली आणि त्यांची माणसे झाली. कोठीवाला उठून बसला आणि म्हणाला की ऊन फार होते. गोंदणवाली बाई कुणाशी न बोलता घराकडे पळाली. सगळ्यांना भूक लागली होती. राजाचा तो करपलेला भात सगळ्यांनी खाल्ला. खारट होता. कुणी तसे म्हणाले नाही.

सकाळी काठावर सोन्याची वाटी पडलेली होती. राजाने ती उचलू दिली नाही. टिटवीने तिच्यात अंडी घातली, आणि अशा रीतीने ती वाटी प्रथमच कुणाच्या तरी कामी आली. कळस देवळांवर परत चढले. कपिलाक्षाचा आवाज सुटला, पण पुढे तो मोजकेच बोले. तळे पुन्हा भांडी देऊ लागले. त्या राज्यात राजापासून कोळ्यापर्यंत ज्याच्या घरी लग्न होई, तो एक तरी वाटी स्वतःच्या हाताने घाशी.

राजाने कोंडाबाईला काय हवे ते विचारले. ती म्हणाली, केरसुणी. राजाने सोन्याच्या मुठीची पाठवली. तिने मूठ सोडवून परत केली. वस्तू नुसती परत करायची नसते, म्हणून सोबत मूठभर मीठ दिले.

लोक पूर्वीसारखे दृष्ट काढायला येत. चाळण नव्हती, वाटी नव्हती. कोंडाबाई त्यांना सांगे की केरसुणी नवी आहे, अजून तिला काही ठाऊक नाही. नवी केरसुणी कामाची व्हायला वीस वर्षे लागतात, आणि कोंडाबाई साठीची होती. तिने दुसऱ्या दिवशी पहाटे अंगण झाडायला घेतले. ती थकली तेव्हा राही झाडू लागली.

ते अंगण अजून झाडले जाते. ज्याने पाहिले त्याने मला सांगितले, मी तुम्हाला सांगितले. आता तुम्ही रिकाम्या हाताने जाऊ नका.